उद्घाटनाचं पाणी

विहिरी नि बंधारे बांधायच्या खात्यात पाणी लागो न लागो, किस्से हमखास लागतात! मी छप्पन्न-सत्तावन्न साली वर्ध्याला ओव्हरसियर होतो. माझ्याकडे इतके साचलेत, की बायको म्हणते, "जेवताना तरी पुरे!"

विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्हाला पुण्याचे साहेब आले. कडक माणूस! सेलूकडचा बंधारा बघायला जीप काढली. गवत तुडवून तुडवून भडकले, "बंधारा कुठाय?" ठेकेदारानं हात जोडले. "साहेब, त्याच्यावरच तं उभे हाय तुमी!"

* * *

एका गावात पहिला नळ लागला. दुसऱ्या दिवशी जातो तर तोटी सताड उघडी, रस्ताभर चिखल. शेजारच्या म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, बंद का नाही केली?" तो माझ्यावरच डाफरला, "काऊन बंद करू? गेलं अन् परत आलंच नाई तं?"

उन्हाळ्यात टाकी आटली. त्या गल्लीतून जायचं मी टाळत होतो.

* * *

केळझरजवळच्या एका गावाला सरकारी विहीर मंजूर झाली. पाटलांना ती दारापाशीच हवी. त्यांच्यापुढे बोलणार कोण? तेवढ्यात आतून पाटलीणबाई कडाडल्या, "गावभरच्या बाया माह्या दारात भांडतीन! मले नाई पायजे!"

साहेबांनी गंभीर चेहऱ्यानं शेरा मारला, 'तांत्रिक कारणास्तव जागा बदलली.'

* * *

बदललेली जागा आली नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेल्या वस्तीजवळ. तिथल्या बाया नाल्यात झिरे खोदून पाणी भरायच्या. त्यांच्यातल्याच, खोदकामावरच्या सखूबाईनं मला विचारलं, "साहेब, आमाले चढू देतीन का इच्यावर?"

"सरकारी आहे, सगळ्यांची आहे," मी ठासून सांगितलं. पण पाटील रोज येऊन बघत उभे राहायचे.

उद्घाटन भर मे महिन्यात. तोरण, हार, साहेबांचं लांबलचक भाषण. फीत कापली, टाळ्या झाल्या. साहेब घामाघूम. "काढा पाणी!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एस्टिमेटमध्ये कठडा होता, गडगडी होती, नावाची पाटीसुद्धा होती. दोर-बादली कोणी धरलीच नव्हती!

मागून सखूबाई पुढे आली. खांद्यावर नवा कोरा दोर, हातात बादली. "माही हाय. चालन का?"

पाटलांच्या कपाळावर आठ्या. साहेबांचा घसा पार सुकलेला. "चालेल काय, लवकर काढा बाई!"

तिनं बादली सोडली, भरून ओढली. साहेब ओंजळीनं घटाघटा प्याले, तोंड पुसलं आणि वळले. "या पाटील, आता तुम्ही!"

पाटलांनी साहेबांकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. मग हळूच ओंजळ पुढे केली.

सखूबाई बारीक धार सोडत म्हणाली, "सावकाश प्या पाटील, ठसका लागन!"