दाराबाहेरच्या चपला

आमच्या गावात दाराबाहेर चपला दिसल्या की आलेला माणूस माघारी फिरतो. हाक नाही, टकटक नाही. आत कुणीतरी आहे, कशाला त्रास द्यायचा! ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहून आम्ही जावातली माणसं अशी भिडस्त. शेजारची लास्मिनी तर फारच. त्या भिडेपायी तिच्या नवऱ्याच्या जिवावर बेतलं.

लास्मिनी गावकचेरीतला कॉम्प्युटर सांभाळते. डोंगरावर पाऊस पडला की खालच्या कोरड्या नदीतून राख-दगडांचा लोंढा येतो, आणि नदीत निम्मा गाव वाळू उपसत असतो. तिचा गियार्तोही त्यातलाच. डोंगरावर बसवलेल्या पाऊस मोजणाऱ्या यंत्राची खबर दर मिनिटाला घ्यायची, धोका दिसला की भोंगा वाजवायचा, असा प्रोग्राम तिने लिहिला. पण खबर यायला उशीर झाला की प्रोग्रामची पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची, मग तिसरी, आणि भोंगा एकावर एक केकाटत सुटायचा.

"तुझा भोंगा तोतरा आहे गं," म्हातारे पाक वागिमान चिडवायचे. लोक हसायचे, जागचे हलायचे नाहीत.

मग तिने युक्ती काढली. आत शिरणाऱ्या फेरीने दाराशी एक खूण ठेवायची, निघताना उचलायची. खूण दिसली तर पुढच्या फेरीने मुकाट परतायचं. त्या खुणेच्या फाइलला तिने नाव दिलं 'चप्पल'.

"आणि आतला बाहेर आलाच नाही तर? मी तर न्हाणीघराचं दार बडवते," मी म्हटलं.

"मावशी, तुमचं सोडा. चांगलं दिसतं का ते?"

त्या दुपारी वीज गेली आणि आली. मी कचेरीसमोर, नदीकाठच्या माझ्या टपरीत तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळत होते. आमच्यावर ऊन, पण डोंगर काळ्या ढगात बुडालेला, आणि भोंगा गप्प. जेवून परतलेल्या लास्मिनीने वर पाहिलं आणि धावत आत गेली. मग तिची किंकाळीच आली.

"मावशी, चप्पल तशीच राहिलीय!"

वीज गेली तेव्हा आत असलेली फेरी तिथेच मेली होती. वीज आल्यावर प्रत्येक फेरी दाराशी येत होती, चप्पल बघून परत जात होती. लास्मिनीने खूण पुसली. भोंगा वाजला, आणि त्याच्या पाठोपाठ नदीचा गडगडाट.

माणसं पडत-धडपडत काठावर चढली. वाळूवाले वाटेच्या तोंडाशी चपला काढून खाली उतरतात. जो तो वर येऊन आपापल्या चपलांत पाय घालत होता. शेवटी एकच जोड उरला, निळ्या पट्ट्यांचा, तारेने शिवलेला. गियार्तोचा. खाली करड्या चिखलात मोठमोठे दगड वाहत होते. त्याचा फोन लागत नव्हता.

"मी मारलं त्यांना," लास्मिनी पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पाक वागिमाननी डोक्यावरची टोपी काढली आणि जोड उचलायला वाकले. तशी ती त्यांच्या अंगावर धावून गेली.

"हात लावू नका! चपला आहेत म्हणून माणूस आतच आहे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाईचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं. मला रडू आवरेना. बायकांनी चहा आणला, तिने घेतला नाही. चपला छातीशी धरून बसून राहिली.

ऊन कलल्यावर वरच्या पुलावरून गवताचा ट्रक आला. त्यातून राखेने माखलेला गियार्तो अनवाणी उतरला. पलीकडचा काठ जवळ होता म्हणून तो तिकडे चढला होता. फोन नदीने नेला होता.

"अगं, माझ्या चपला..."

तिने दोन्ही त्याला फेकून मारल्या आणि त्याचे पाय धरून ऊर फुटेस्तोवर रडली.

"भोंगा उशिरा वाजला गं," तो एवढंच म्हणाला.

तशीच उठून ती कचेरीत गेली आणि तिने प्रोग्राम बदलला. आता चप्पल दिसली तरी फेरी आधी हाक मारते, आतून उत्तर आलं नाही तर चप्पल उचलून फेकते आणि आत शिरते.

दुसऱ्या दिवशी मी घरात आडवी झाले होते. कुणीतरी दार मोडेल इतकं बडवलं. उघडते तर लास्मिनी, माझ्या चपलांकडे बघत उभी.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही, मावशी. आत आहात ना, बघायला आले."