मागच्या वर्षीचं चित्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी आधीच सांगून टाकते. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. ऐका फक्त.

मी जयपूरला, गोपालपुऱ्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीच्या यंत्रावर बसते. डोळ्यातून मेंदूकडे जी नस जाते, तिच्याभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्यांचं चित्र काढते. जाड चष्म्याच्या माणसांचं काम किचकट. त्यांचा डोळा लांबट, चित्र एका बाजूने धूसर येतं, पापणी लवली की काळे पट्टे. पाच-पाच वेळा काढावं लागतं. मला कंटाळा यायचा — हो, यायचा.

शैलाताईंच्या चष्म्याचा नंबर उणे सोळा. विमा कंपनीतल्या साहेबांची बायको, आमच्या मराठी मंडळातल्या. माझ्या मुलीला दर रविवारी मराठी वाचायला शिकवायच्या. त्यांना काचबिंदूची सुरुवात होती, म्हणून दरवर्षी चित्र. डॉक्टर जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघत आणि त्यावर औषध ठरवत.

त्या दिवशी माझ्या घरी, शास्त्री नगरला, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका पाचला येणार, आणि साडेतीन वाजून गेलेले. ताईंच्या डाव्या डोळ्याचं चित्र चार वेळा काढलं. चारही वेळा नसेच्या खालच्या बाजूला काळी पाचर. पापणीची सावली, मी मनाशी म्हटलं. चारदा एकाच जागी सावली पडते का? मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण असं चित्र नेलं की डॉक्टर ओरडायचे, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

आमच्याकडे चित्र दवाखान्याच्या छापील नमुन्यात चिकटवून देतात. तारीख मी टाइप करते. ताईंच्याच डाव्या डोळ्याच्या मागच्या वर्षी काढलेल्या चित्रांपैकी एक न वापरलेलं, स्वच्छ चित्र मी शोधलं — शोधलं, बरं का — ते चिकटवलं आणि खाली त्या दिवशीची तारीख घातली.

डॉक्टर म्हणाले, काही फरक नाही, तेच थेंब चालू ठेवा. संध्याकाळी शैलाताई माझ्याकडे आल्या. मी त्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला.

पुढच्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्याची वरची निम्मी नजर गेलेली निघाली. नस खालून सुकली की नजर वरची जाते, आणि ती परत येत नाही. वेळेवर औषध वाढवलं असतं तर कदाचित वाचली असती. डॉक्टर म्हणाले, अशा डोळ्यांत कधीकधी झपाट्याने होतं. मी शेजारीच उभी होते. तोंड उघडलं नाही. भित्री आहे मी.

पण मला सलतंय ते याच्याही पुढचं आहे. बाहेर बाकावर शैलाताईंनी माझा हात धरला. "अगं, मागच्या वेळी मी फार पापण्या मिटत होते ना? मतलब, त्यामुळेच नीट आलं नसेल का गं ते?"

मी म्हणाले, "असेल हो, ताई."

आता त्या मंडळात सगळ्यांना सांगतात — माझीच चूक, मला जरा वेळ डोळा उघडा ठेवता आला नाही. मी शेजारच्याच खुर्चीवर बसलेली असते. ऐकते.