आत्याने सही केली नाही

आत्या सख्खी होती दोनच भाच्यांची, पण आत्या म्हणायची अख्खी गल्ली. बावन्न वर्षांची, बोटं नखांपर्यंत तपकिरी, आणि आवाज असा की समोरच्या गच्चीवरचं मांजर दचकून उतरावं. धंदा लाकडाला पॉलिश करण्याचा. नवऱ्याकडून शिकली आणि तो गेल्यावर त्याच्याहून बरं करायला लागली, असं ती स्वतःच सांगायची. सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसावर मलमल गुंडाळून बोळा करायचा, वर कापडाची शेंडी ठेवायची, आणि तो बोळा लाकडावर फिरवत राहायचं. बारा-पंधरा हात. यंत्राने फवारणारे एका दुपारी मोकळे होतात. "लाकडाला पावडर लावतात मेले," आत्या म्हणायची, "घाम आला की उतरते."

सगळं दुकान स्कूटरवर. दोन डबे, एक कॅन, घडीची शिडी, चिंध्यांची पिशवी. स्पिरिट घेऊन बसमध्ये कोणी चढू देत नाही. एकदा चढली होती, तर कंडक्टरने "बाई, आम्हाला पेटवायचा विचार आहे का?" म्हणून दोन मिनिटांत खाली उतरवलं. म्हणून स्कूटर. आणि स्कूटर म्हणजे परवाना. परवाना गेला की धंदा गेला, इतका सरळ हिशोब.

पॉलिश करणाऱ्या बाईलाही कान असतात हे लोकांच्या लक्षातच येत नाही. तिच्यादेखत लोक भांडायचे, लग्नं मोडायचे, शेजाऱ्यांची पिसं काढायचे. एका वकीलबाईंच्या ऑफिसचं दार तिने अकरा दिवस घासलं, आणि त्या अकरा दिवसांत दाराआडचे सगळे अशील तिला तोंडपाठ झाले. घरी जेवताना ती वकीलबाई करून दाखवायची. मान तिरपी, नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर: "हं. रडू नका. आधी सांगा, सही केलीत? केलीत. बरं. आता रडा."

तर त्या दिवशी दुपारी एक काम आटोपून ती जेवायला घरी निघाली होती. पुलाच्या तोंडाशी नाकाबंदी. दुपारी दीडला! हवालदार पोट सांभाळत पुढे आला, नळीचं यंत्र तिच्या तोंडापुढे धरलं.

"फुंका."

"भर दुपारी?"

"दारूला घड्याळ कळतं का बाई? फुंका."

आत्याने फुंकलं. यंत्र असं किंचाळलं की मागच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. हवालदाराने आकडा बघितला, आत्याकडे बघितलं, परत आकडा बघितला.

"किती घेतली?"

"मी आयुष्यात थेंब घेतला नाही!"

"सगळे हेच म्हणतात. तुमचं जरा खणखणीत आहे, एवढंच."

ठाण्यात साहेबांचं टेबल सागवानी, जुनं. त्यावर साहेबांनी छापील कागद सरकवला आणि परवाना खणात टाकला. साहेब तरुण होते आणि प्रत्येक वाक्य शिक्का मारल्यासारखं बोलायचे. "नाव लिहा. पत्ता लिहा. खाली सही. दंड भरा. सहा महिने गाडी नाही. संपलं."

"वाचून दाखवा."

"काय?"

"कागद. वाचून दाखवा."

साहेबांनी हवालदाराकडे बघितलं. हवालदाराने वाचलं: मी दारू पिऊन वाहन चालवत होते, मला गुन्हा कबूल आहे.

आत्याची मान आपोआप तिरपी झाली. नसलेला चष्मा नाकावर आला. आवाजसुद्धा बदलला, पातळ आणि कोरडा. "हं. ऐका. अटक केलीत, तर कारण लेखी द्या. माझ्या माणसाला कळवा. मला वकील हवा. यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, तो कागद दाखवा. फुंकायला मी नाही म्हटलेलं नाही, तेही लिहा. पण कबुलीवर सही करणार नाही."

हवालदार उभा होता तो सरळ झाला. "बाई, तुम्ही वकील आहात?"

"पॉलिशवाली."

आत्याचा थोरला भाऊ, दादा, अर्ध्या तासात धापा टाकत आला. आयुष्यभर पोस्टात काउंटरमागे बसलेला माणूस. रांग मोडणाऱ्यालासुद्धा "माफ करा हं" म्हणायचा. आल्या आल्या त्याने साहेबांना, हवालदाराला आणि चुकून कोपऱ्यातल्या कपाटाला नमस्कार केला.

"अगं, सही करून टाक. विषय मिटव. सहा महिने काय, असे जातात."

"कसे जातात? तू नेशील शिडी खांद्यावरून?"

"लोक काय म्हणतील, कोर्टकचेरी!"

"सही केली तर काय म्हणतील? आत्या दुपारी पिते. दादा, तू गप्प बस, नाहीतर तुझ्यावरही एक हात मारीन पॉलिशचा."

मग ती साहेबांकडे वळली. "परत फुंकते. वीस मिनिटं बसते इथे, तुमच्या डोळ्यांदेखत. पाणीसुद्धा पीत नाही. मग बघा."

साहेबांनाही आता चेव आला होता. "बसा."

आत्या बसली. हवालदार जप्तीची यादी करत स्कूटरवरचं सामान एकेक टेबलावर आणून ठेवत होता. "डबे दोन. पिशवी एक. कॅन एक, अंदाजे..." कॅनचं झाकण ढिलं होतं. स्पिरिटचा ओघळ सागवानावर आला आणि जाईल तिथे पॉलिश पांढरं पडायला लागलं.

"अहो! टेबलाची वाट लावताय!" आत्या झेपावली. पिशवीतला बोळा उचलला, ओघळ टिपला, मग दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून बोळ्याची शेंडी दातांत धरली आणि झाकण करकचून आवळलं. डाग निरखला, चुकचुकली, बोळा पिशवीत टाकून परत जागेवर बसली. सगळं मिळून पाऊण मिनिट.

"वीस झाली," साहेब म्हणाले.

आत्याने छाती भरून फुंकलं.

यंत्र पहिल्यापेक्षा मोठ्याने किंचाळलं. आकडा जवळजवळ दुप्पट. दादाने डोळे मिटले.

"वा," साहेब म्हणाले. "आमच्या बाकावर बसून चढली. पहिलाच प्रकार."

क्षणभर, खरंच क्षणभर, आत्याने पेनाकडे बघितलं. दादाने तेवढ्यात ते तिच्या हातात दिलंसुद्धा.

"वकीलबाईंना फोन लावा," ती म्हणाली आणि पेन दादाच्या खिशाला परत अडकवलं.

वकीलबाई फोनच्या स्पीकरवर आल्या. "कोण? दारवाली? हं. सही केलीत?"

"नाही."

"मग रडायचं कारण नाही. दोन फुंकरींमध्ये तोंडात काय गेलं?"

"काही नाही. पाणीसुद्धा नाही. साहेबांसमोर बसून होते."

"आठवा."

"आठवलं! काही नाही!"

"बोळा होता की," हवालदार म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो बिचारा यादीच लिहीत होता. "झाकण लावताना. दातांत. ओला होता, माझ्या यादीवर थेंब पडला. हा बघा."

आत्याने हळूच जीभ ओठांवरून फिरवली. तीस वर्षं. शिडीवर चढताना बोळा दातांत, दोरी बांधताना दातांत, दार धरताना दातांत. आज दुपारी स्कूटरला डबे आवळतानाही, पुलाच्या पाच मिनिटं आधी. चव कळायची तिला केव्हाच बंद झाली होती.

"अगं बाई," ती म्हणाली. मग लगेच सावरली. "लिहा! हवालदारसाहेब, जे पाहिलंत ते लिहा!"

"यंत्र म्हणतं तेच लिहायचं," साहेबांनी शिक्का मारला.

"यंत्राला दात नाहीत!"

फोनमधून वकीलबाई थंडपणे म्हणाल्या, "तोंडातली वाफ तोंडाशीच राहते, रक्तात नसते. रक्त द्या. आता लगेच, उद्या दिलंत तर त्याला अर्थ नाही. आणि त्यांनी टाळाटाळ केली तर मागितलं किती वाजता ते लिहून घ्या."

"डॉक्टर जेवायला गेलेत," साहेब म्हणाले.

"मी पण जेवायलाच निघाले होते," आत्या म्हणाली. "मागितलं तीन वाजून पाच मिनिटांनी. हवालदारसाहेब, लिहा. रक्त माझं आहे, देणारी मी आहे, तुम्हाला फक्त गाडी काढायची आहे."

हवालदाराने यादीच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, दोन ओळी लिहिल्या. साहेबांनी नुसतं बघितलं. "साहेब," तो कागदावरून मान न उचलता म्हणाला, "माझ्या डोळ्यांसमोर झालंय ते."

साडेतीनला दवाखान्यात रक्त निघालं. आत्याने बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचली, सील तपासलं, आणि सुई टोचणाऱ्या मुलीला हात हलका असल्याबद्दल शाबासकी दिली. संध्याकाळी दादाने जामिनावर सही केली. निघताना त्याने कपाटालाही परत एक नमस्कार केला.

परवाना मात्र खणातच राहिला. नऊ आठवडे स्कूटर दादाने चालवली. पोस्टातून निवृत्त माणूस पुढे, आत्या मागे, शिडी दोघांच्या मध्ये. "जरा पळव!" "अगं, वळण आहे." "वळण संपलं मघाशी! तो दिवा बंद कर, लोक अजून वाट बघतायत तू वळतोस म्हणून!" दोन कामं हातची गेली. एका घरच्या बाईने दारातूनच सांगितलं, "आत्या, तुमच्याबद्दल ऐकलं, आमच्याकडे मुलं आहेत." आत्या म्हणाली, "मुलांना सांगा, निकाल लागला की मी स्वतः येऊन वाचून दाखवीन."

कोर्टात तिच्या आधी सव्वीस जण होते. "कबूल?" "कबूल." "कबूल?" "कबूल, साहेब." जसं काही कोणी हजेरी घेतंय. दादा शेवटचा प्रयत्न म्हणून पुटपुटला, "सगळे कबूल करतायत गं."

"ते प्यायले असतील."

"कबूल?" न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं.

"कबूल नाही!"

मांजर असतं तर उतरलं असतं. न्यायाधीशांनी मान वर केली. वकीलबाई उठल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, मान तिरपी झाली, आणि मागच्या बाकावर दादाला हसू आवरेना, कारण त्याला कळेचना की कोण कोणाची नक्कल करतंय. रक्ताचा अहवाल वाचला गेला: मद्याचा अंश नाही. हवालदाराच्या दोन ओळी भिंगाखाली वाचल्या गेल्या. यंत्राच्या तपासणीचा कागद साहेबांना सापडला नाही. खटला रद्द.

दुसऱ्याच दिवशी आत्या ठाण्यात हजर. साहेबांनी खणातून परवाना काढून टेबलावर ठेवला आणि पावती पुढे केली. "सही करा. संपलं."

आत्याने पावती वाचली. परवाना उचलला, उजेडात धरला. खणात त्याच्यावर खिळ्यांची पेटी ठेवल्यामुळे एक कोपरा तुटला होता.

"इथे लिहिलंय, सुस्थितीत मिळाला."

"बाई, एवढासा तर कोपरा."

"पेन द्या."

साहेबांनी डोळे मिटून पेन दिलं. आत्याने 'सुस्थितीत' वर सरळ रेघ मारली, 'कोपरा तुटलेला' असं ठळक अक्षरात लिहिलं, साहेबांना खाली वेळ घालायला लावली, आणि मग सही केली.