आतोबांचा तिवडा

खानदेशात जमिनीत रोवलेली अशी एकही वस्तू नसेल, जिची कुळी आमच्या आतोबांनी काढली नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, धरणगावच्या शाळेत मास्तर. लोक माणसांचं कूळ विचारत, हे खांबांचं विचारत. धुळ्याला रस्त्यावर विजेचे खांब उभे राहू लागले तेव्हा भर उन्हात खड्डा खणणाऱ्या गड्यांना हे सांगत बसले, की खांब म्हणजे वेदांमधला स्कंभ, आभाळ तोलून धरणारा. एक गडी घाम पुसत म्हणाला, "मास्तर, आभाय ऱ्हाऊ द्या, हाई तार धरी तरी बस." आतोबांनी तेही वहीत टिपून घेतलं. 'थांबणे' हे क्रियापद स्तंभातून निघालं असं त्यांचं म्हणणं, आणि ते पटवायला ते रस्त्यात थांबले की घरी आत्याचा स्वयंपाक निवून जाई.

एकुलत्या एका लेकीच्या, सिंधूच्या लग्नात मात्र ही विद्या अंगाशी आली. मांडवाचा पहिला खांब म्हणजे मुहूर्तमेढ. आतोबांचं मत ठाम होतं: मेढ म्हणजे मुळात खळ्याच्या मधोमध मळणीचे बैल बांधायचा खांब, आपण ज्याला तिवडा म्हणतो तो, तेव्हा मांडवात खरा तिवडाच हवा. व्याह्यांचं खळं गावाबाहेरच होतं. दुपारी बैल सोडलेले पाहून, व्याह्यांचं ते आपलंच अशा समजुतीने यांनी तिवडा उपटला, खांद्यावर आणला, आणि भटजींनी पुजून तो मांडवात रोवलाही.

संध्याकाळी व्याही लालबुंद होऊन दारात उभे. "मास्तर, खयामा दाना शे, आनि तुम्ही तिवडा उपाडा? आते हाई लगीन व्हवाव नही!" दाणे घरी जाईपर्यंत त्यांच्याकडे तिवड्याला कोणी हात लावत नसे, खळ्याची लक्ष्मी उठून जाते म्हणून, मधेच दुसरा रोवणंही चालत नसे. आणि इकडे पुजलेली मेढ लग्न लागेपर्यंत हलवता येईना. आत्याने तोंडाला पदर लावला. आत हळद दळणाऱ्या बायकांची गाणी बंद पडली. आतोबा तेवढे शांत. म्हणाले, "मग त्या जागी मी उभा राहतो."

आणि खरोखरच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून खड्ड्यात पाय रोवलेले, कमरेला दोर, भोवती चार बैल. मी पाहायला गेलो तर टोपी कानावर आलेली, मिशा धुळीने पांढऱ्या, तरी गड्यांना 'मळणी' शब्दाचा उगम सांगणं चालूच होतं. दुपारपर्यंत व्याही हसून हसून बेजार. "सोडा मास्तर, व्हई गयं," म्हणू लागले, पण शेवटचं कणीस मळून होईपर्यंत हे काही हलले नाहीत. लग्न ठरल्या मुहूर्ताला लागलं.

पाठवणीला सिंधूने मिठी मारली आणि आतोबा कळवळले. कमरेवर दोराचे वळ होते. तिला तोवर कोणी काही सांगितलं नव्हतं. सगळं ऐकून ती रडत म्हणाली, "नाना, माझ्यासाठी खांब होऊन उभे राहिलात?"

"खांब नव्हे, बाळा, तिवडा," आतोबांनी दुरुस्ती केली. "खांबाला त्याचं छप्पर सोडून जात नाही. तिवड्याचं तसं नसतं. दाणे घरी गेले, की..."

ते मांडवामागे जाऊन उभे राहिले, आणि आम्ही कोणी त्यांना हाक मारली नाही.