पंपाची काळी वायर

जम्मूकडच्या एका फॉरवर्ड पोस्टवर मी जिप्सीचा ड्रायव्हर होतो. रँक लान्स नाईक. रोज सकाळी गाड्यांची फर्स्ट परेड व्हायची. तेल, पाणी, टायर, बॅटरी बघायची आणि गाड्यांचा कारभार बघणाऱ्या एमटी हवालदाराला रिपोर्ट द्यायचा. आमचे एमटी हवालदार मारोतराव, अर्धापूरचे. मी रिपोर्ट दिला, "साहेब, कधीकधी पेट्रोलचा पंप चालूच होत न्हाई. गाडी स्टार्ट घेईना."

"थंडीनं होतंय. ओके सांग."

त्याच आठवड्यात एका सकाळी समोरून फायरिंग झालं. माझा बंकरमधला जोडीदार, उदगीरचा शिपाई शिवलिंग, पोटात गोळी लागून पडला. त्याला जिप्सीत ठेवलं. चावी मारली. इंजिन नुसतं फिरत राहिलं.

रेडिओवर विचारणा आली, "कॅज्युअल्टी निघाली का? ओव्हर."

"गाडी स्टार्ट होत नाही. ओव्हर."

स्ट्रेचर खांद्यावर घेऊन आम्ही पळालो. प्रथमोपचाराच्या एड पोस्टच्या अलीकडे तो गेला.

चौकशीत मारोतराव म्हणाले, ड्रायव्हर घाबरला, त्यानंच जास्त पेट्रोल सोडून इंजिन फ्लड केलं. चोराच्या उलट्या बोंबा! माझी लान्स नाईकची फीत गेली. चौकशी मिटल्यावर वर्कशॉपात पंपाची काळी वायर गंजलेली निघाली. पण मिटलेली फाईल कोण उघडतो? फीत गेल्याचं दुःख मी गिळलं असतं. पण ड्रायव्हर घाबरला, हीच गोष्ट शिवलिंगच्या वडिलांपर्यंत, अप्पांपर्यंत पोचली. अप्पांचं उदगीरला किराणा दुकान आहे. दरवर्षी शिवलिंगच्या स्मृतिदिनी मी जातो, शरणार्थ म्हणून नमस्कार करतो. अप्पा पाणीही विचारत नसत.

पेन्शनीत आल्यावर नांदेडच्या लातूर फाट्याजवळ मी गॅरेज टाकलं. गेल्या उन्हाळ्यात एक जुनी कार टो होऊन आली. मालक मारोतराव. मला ओळखून कसनुसे हसले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सावज आयतंच दारात आलं होतं.

"इंजिन फिरून राहिलंय, पण पेट्रोल येईना. पंप गेला म्हणतेत," ते म्हणाले.

"तुम्हीच बघा, हवालदारसाहेब. हा घ्या टेस्ट लॅम्प, करंट फिरला की पेटतो."

मागचं सीट उचलून मी पंपाचं कनेक्शन उघडं केलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसलो.

"क्लिप बॉडीला लावा. टोक करंटच्या वायरला. चावी ऑन."

"पेटला."

"म्हंजी करंट येतोय. आता टोक तिथंच ठेवा, क्लिप पंपाच्या काळ्या वायरला. ऑन."

"न्हाई पेटत."

"मग फॉल्ट कुठं हाय?"

त्यांनी काळी वायर बोटानं चोळून बघितली. "अर्थिंग गेलंय, करंट परत जाईना. काळी वायर गंजली."

"जिप्सीची बी हीच गंजली होती. आता हे अप्पांना सांगा. त्याबिगर मी पान्याला हात लावणार न्हाई."

फोन मीच लावला, स्पीकरवर; आमचे एमटी हवालदार बंद गाडी घेऊन गॅरेजात आलेत, तुमच्याशी बोलायचंय, म्हणालो. फोन मारोतरावांपुढं धरला. मी वाट बघत उभा राहिलो, मजेत. शेवटी ते बोलले, "अप्पा, ड्रायव्हरनं आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई. वरून खोटं बोललो."

 अप्पांनी मला विचारलं, "ह्याची गाडी चालू झाली का रे?"

"न्हाई, अप्पा. अशीच ठेवतो."

"करून दे. गाडीवाचून माझं पोरगं गेलं. आन् तू ये इकडं, पाणी प्यायला."

मारोतरावांना मी अजून माफ केलेलं नाही. पण अप्पांची ऑर्डर होती. गंज खरवडला, नवं टर्मिनल लावलं, नट आवळला. चावी ऑन केली. मागून पंपाची बारीक घूं ऐकू आली. त्या सकाळी एवढाच आवाज आला असता, तर आज उदगीरच्या दुकानात अप्पांच्या जागी शिवलिंग बसला असता.