मंजुळाआक्काची कबरी

माझी नणंद मंजुळाआक्का काही देवमाणूस न्हाई, हे आधीच सांगून ठेवते. कुणी कुणाला माफ केलं की गाव त्याचे गोडवे गातं. आक्कानं माफ केलं न्हाई, करणार बी न्हाई. तरी तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर पदर खोचून भांडायला मी उभी हाय.

आमचं घर गोरेगावात, सेनगावच्या जीपा लागतेत त्या चौकाच्या मागं. आक्काचं लग्न गावातल्या गावातच झालं, वरच्या गल्लीतल्या किसनरावाशी. पहिलं वरीस बरं गेलं. मग तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर पांढरे डाग उठले, मग मनगटावर, मग ओठाच्या कोपऱ्यात. कोड. हिंगोलीच्या डॉक्टरनं बघून सांगितलं, चामडीचा रंग गेलाय, बाकी बाई ठणठणीत हाय, हे कुणालाच लागत न्हाई. पण त्या घरात डॉक्टरचं कोण ऐकतंय? तिथं थोरली जाऊ पार्वतीबाई म्हणेल ते खरं. तिनं आक्काचं ताट वेगळं केलं, मग तांब्या वेगळा, मग कणीक बी मळू देईना.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया जमल्या होत्या. आक्का करंडा घेऊन पुढं झाली, तर पार्वतीबाईनं सगळ्यांदेखत तिचा हात झटकला. "ए कबरी! लेकराबाळांच्या बाया हायेत ह्या. त्यांना लावतीस का तुझा रोग?" आमच्याकडं काळ्या-पांढऱ्या ठिपक्याच्या शेळीला कबरी म्हणतेत. भरल्या घरात त्या बाईनं माझ्या नणंदेला शेळीचं नाव दिलं, अन् एकीनं बी तोंड उघडलं न्हाई. पुढं आक्का माहेरी आली ती कायमचीच. किसनरावानं दुसरी केली अन् परभणीला जाऊन राहिला. सोडचिठ्ठी न्हाई, काही न्हाई.

आक्का आमच्यात राहिली, ब्लाऊज शिवू लागली. कुंकू मात्र रोज लावायची, चांगलं ठसठशीत. एकदा मला राहवलं न्हाई. म्हणलं, "आक्का, त्या मेल्यासाठी काहून लावता?"

"त्याच्यासाठी कोण लावतंय? पार्वतीबाई बाजारात भेटते. तिच्या डोळ्यात खुपावं म्हणून लावते." मग मशीन थांबवून म्हणली, "शेवंता, मला तिच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायचीय. चार माणसांत तिनं म्हणावं, कोड लागत न्हाई. त्याबिगर मी मरणार न्हाई, बघ."

माझा थोरला हरीश पुण्याला एका नर्सरीत कामाला हाय. एका दिवाळीला त्यानं आत्यासाठी ओल्या कागदात गुंडाळून एक काडी आणली. काडीला एकच पान. अर्धं हिरवं, अर्धं पांढरं, चुन्याचे शिंतोडे उडाल्यावाणी. मी म्हणलं, "हे काय रे, रोगट पान आणलं व्हय?"

"आई, ह्याला मॉन्स्टेरा म्हणतेत. जंगलातला वेल हाय, पण घरात वाढतो. अन् तो पांढरा रंग म्हणजे रोग न्हाई. लोक त्या पांढऱ्यासाठीच जीव टाकतेत."

आक्कानं पान बघितलं, मग आपला हात बघितला. "पांढऱ्यासाठीच?" तिनं दोनदा विचारलं. अन् त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं कबरी. मला ते नाव ऐकून कसंतरी झालं, पण तिच्या तोंडावरचं हसू बघून मी कुंडी शोधायला उठले.

झाड कसलं, लाडावलेली सूनच ती. आमच्या मातीत लावलं तर मूळ सडतं, काळी माती पाणी धरून ठेवते. मग नारळाचा भुसा, चुलीतला कोळसा बारीक करून, अन् मूठभर जुनं शेणखत. बोअरचं पाणी खारं, त्याची पानावर पुटं चढतेत, म्हणून पागोळीखाली ड्रम ठेवून पावसाचं पाणी साठवायचं. कुंडीत बोट घालून बघायचं, वरचं कोरडं लागलं तरच पाणी. ऊन नको, पण उजेड पाहिजे. पांढऱ्या भागात जीव कमी, उन्हाचा चटका बसला की आधी तोच करपतो. मग उगवतीच्या खिडकीला आक्काच्या जुन्या साडीचा पडदा लागला. मे महिन्यात आमच्याकडं पत्र्यावर पापड भाजून निघावा असं ऊन. कूलर लावावा तर त्याच्या वाऱ्यानं पानं सुकतेत. मग कूलर आमच्याकडून काढून भिंतीकडं फिरवला, अन् झाडाभोवती ओली पोती टांगली. आमचे मालक घामानं निथळत म्हणले, "ह्या घरात आधी झाड, मग माणसं." आक्का म्हणली, "बराबर."

वेल चढायला तिनं पाइपाला काथ्या गुंडाळला, तो सकाळी भिजवायचा. खोडातून निघालेली मुळं त्यात शिरली अन् कबरी झपाट्यानं वर निघाली. मधूनच नुसता हिरवा फुटवा यायचा. दिसायला जोमदार, पण तो ठेवला तर सगळं झाडच हिरवं करून टाकतो. आक्का तो बिनदिक्कत कापायची. "कबरी कबरीच राहिली पाहिजे," म्हणायची. अन् पानं पुसायची ती हातानं. ओल्या तळव्यानं, एकेक पान, खालून-वरून. सुपाएवढी पानं झाली, छताला टेकली. पानावरचा पांढरा अन् तिच्या बोटांचा पांढरा एक दिसायचा. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बाया बघत राहायच्या.

त्यांच्यातलीच कुणीतरी वरच्या गल्लीत बोलली. अन् पार्वतीबाईनं पिठाच्या गिरणीत चार बायांपुढं जाहीर केलं, "मी म्हणत न्हवते? आता झाडाला बी लागलं बघा तिचं कोड."

हसावं का रडावं? झाडाला माणसाचं कोड लागलं, अन् हे लोकांनी खरं मानलं! शिकलेल्यांनी, मोबाइलवाल्यांनी. ब्लाऊजं येणं कमी झालं, ते सोसलं. पण माझ्या लेकीची, प्रतिक्षाची, सोयरीक साखरा गावात ठरली होती. साखरपुड्याचा दिवस धरला होता, साडी घेऊन ठेवली होती. तिकडून निरोप आला, "ज्या घरात झाडाला बी लागतं, त्या घरची पोरगी नको." पोरगी दोन दिवस जेवली न्हाई. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वरच्या गल्लीत जाऊन त्या बाईच्या झिंज्या उपटते म्हणून मी निघाले बी होते.

आक्कानं मला दारात अडवलं. "तू थांब. हे माझं हाय. आधी माझं होतं, आता प्रतिक्षाचं बी माझ्यावरच आलं."

त्यानंतर एक वरीस ती नुसती मशीन चालवत राहिली. मग एक दिवस मुंजाजी आला. सेनगाव रोडला त्याची नर्सरी हाय, कबरीच्या फांद्या लावून तयार केलेली रोपं तो आक्काकडून न्यायचा. म्हणला, "मावशी, वरच्या गल्लीतला वैजनाथ, पार्वतीबाईचा पोरगा, त्याला नव्या बंगल्याच्या हॉलात असलं मोठं झाड पाहिजे. फोनवर बघून येडा झालाय. आता एवढं मोठं मी कुठून आणू?"

आक्कानं कबरीकडं बोट केलं. "हे ने."

मी किंचाळलेच. "आक्का, डोकं फिरलं का? लेकरावाणी वाढवलं, अन् त्या सटवीच्या घरात?"

तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. "मुंजाजी, माझं नाव काढू नको. खोटं बोलू नको, फक्त सांगू नको. अन् त्यांना बजावून ये, ह्या झाडाची पानं रोज पुसावी लागतेत. कापडानं न्हाई, ओल्या हातानं. अन् घरच्या मालकिणीनंच, रोज वेगळा हात नको."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. झाड टेम्पोत चढवताना आक्कानं एकेक पान शेवटचं पुसून घेतलं.

आमच्या गावची पद्माबाई सरकारी दवाखान्याची आशाताई, कामासाठी घरोघर फिरते, सगळ्यांची खबर तिला. ती हसत सांगायची, "पार्वतीबाई रोज सकाळी स्टुलावर चढून पानं पुसून राहिल्या. कुणी विचारलं तर म्हणतेत, हे फॉरेनचं, ह्याची जातच अशी. मंजुळाच्या घरी होतं ते रोगाचं." मी हसून हसून खाली बसले. आक्का हसली न्हाई. तिनं एवढंच विचारलं, "दोन्ही हातानं पुसते का?"

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग कळलं, वैजनाथला सांगून आलेल्या पोरीकडचे लोक हट्टा गावाहून घर बघायला येणार. आक्कानं इस्त्रीची साडी काढली, कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं अन् मला म्हणली, "चल."

हॉल भरला होता. मधोमध आमची कबरी, चकचकीत कुंडीत. पोरीची आई नेमकी तिच्याजवळ उभी, एक पान तळहातावर घेऊन म्हणत होती, "अगबाई, काय झाड हाय! पानं किती साफ ठेवलीत!" पार्वतीबाई फुलून गेली होती. "मीच पुसते. रोज, ह्या हातानं."

"बराबर पुसता, जाऊबाई," आक्का दारातून म्हणली. "माझ्यापेक्षा बी चांगलं."

पार्वतीबाईचं तोंड उतरलं. पाहुण्यांपुढं हाकलता येईना. पोरीच्या आईनं विचारलं, "ह्या कोण?"

"मी ह्यांची धाकटी जाऊ. ह्या घरची सूनच हाय मी. अन् हे झाड माझ्या हातचं. काडीपासून वाढवलं, रोज ह्याच हातानं पुसलं." आक्कानं पदराखालून दोन्ही हात काढून पुढं धरले. "विचारा मुंजाजीला, त्यानं कुठून आणलं."

वैजनाथ चाचरला, "मुंजाजी म्हणला होता खरं, गावातलंच हाय म्हणून..."

पोरीच्या आईनं हातातलं पान सोडलं. आक्काचे हात बघितले, पान बघितलं, आपला तळहात साडीला पुसला. "अगबाई! विहीणबाई, हे लागतं का वो?"

पार्वतीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. लागतं म्हणावं, तर महिनोन्महिने तीच पुसून राहिली, तिच्या घरावर बट्टा अन् पोराची सोयरीक मोडली. तिनं आक्काकडं बघितलं. आक्कानं हात तसेच पुढं धरले होते. अखेर ती बाई बोलली, मोठ्यानं बोलली. "छे वो! कोड लागत नसतं. नुसता रंग जातो. डॉक्टरच सांगतेत."

"काय म्हणल्या जाऊबाई? मला जरा कमी ऐकू येतं आताशा."

"कोड लागत न्हाई!"

"अन् झाडाला?"

"झाडाला बी न्हाई. त्याची जातच तशी."

"मग हे साखऱ्याच्या लोकांना बी कळवा. आजच."

"कळवते," पार्वतीबाई म्हणली.

आमी निघालो. बाया निघताना हळदीकुंकू होतंच. पार्वतीबाईनं लांब उभं राहून, हात ताणूनच माझ्या अन् आक्काच्या कपाळाला बोट टेकवलं अन् करंडा मिटायला गेली. आक्कानं तो तिच्या हातातून काढून घेतला. "सवाष्णीला परत लावायची रीत हाय ना? कपाळ पुढं करा." पोरीकडच्या सगळ्या बाया बघत होत्या. पार्वतीबाईनं डोळे घट्ट मिटून कपाळ पुढं केलं. आक्कानं पांढरं बोट कुंकवात बुडवलं अन् सावकाश, दाबून, फिरवून फिरवून लावलं. मला तर वाटलं, आता भोकच पाडते.

हट्ट्याची सोयरीक जमली. साखऱ्याच्या लोकांनी बी प्रतिक्षासाठी परत निरोप पाठवला. प्रतिक्षानंच कळवलं, "ज्यांना झाडापासून भ्या वाटतं, त्यांच्या घरात मला भ्या वाटतं." शाबास माझी पोरगी!

मी आक्काला म्हणलं, "मिटलं आता. तिनं मान्य केलं."

"मान्य कुठं केलं? माझं बोट लागताना लटलट कापत होती. तिला अजून बी वाटतं, लागतं म्हणून."

अन् ते खरंच निघालं. पद्माबाई सांगते, पार्वतीबाई सकाळी उठली की आधी खिडकीत आरसा धरून कपाळ बघते. साबणानं घासते, लिंबू चोळते. तळहात उजेडात धरून उलटसुलट करते. घासून घासून कपाळाची साल निघाली, अन् तिथं नवी फिकट कातडी आली, ती बघून दोन दिवस अंथरुणातून उठली न्हाई. झाड फेकावं तर फेकता येत न्हाई, चार माणसांत बोलून बसलीय. विहीण यायची म्हणून पोरगा पानं पुसायला लावतो. पुसते, अन् मग दिवसभर हात धूत बसते.

खरं सांगते, मला बी एकदा तिची दया आली. आक्का ब्लाऊजला हूक लावत होती. मी म्हणलं, "आक्का, एकदा जाऊन सांगू का तिला, बाई, खरंच लागत न्हाई म्हणून?"

आक्कानं दातानं दोरा तोडला. "आपण काहून सांगायचं? तिनंच तर सांगितलं सगळ्यांना."