तांब्याच्या हंड्यातलं पाणी

झिंगे मारले गेले, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

नामांतराची ती वर्षं. परभणीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकायचो आणि उरलेल्या वेळात पत्रकं वाटायचो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीसाठी सरांनी मला झिंगे आणायला सांगितले. चुडाव्याजवळ नदीत माय जुन्या लुगड्यानं झिंगे धरायची. आमचं ते कालवण. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या डब्यात नदीचंच पाणी आणि शेवाळ घालून मी ते पॅसेंजरनं आणले.

काही हिरवट होते, काही तांबूस. सर म्हणाले, या दोन जाती. मी म्हणालो, जात एकच. गाळावरचा झिंगा गडद होतो, वाळूवरचा फिका, असं माय सांगते. मायची पदवी कोणती, असं सरांनी विचारलं आणि वर्ग हसला. एका तांबूस मादीच्या पोटाखाली अंडी होती. पिल्लं निघू द्या, अर्धी वाळूवर वाढवू, मग ठरवा, म्हणालो. सर बघू म्हणाले.

दोन आठवडे मी टाकी सांभाळली. मग कॉलेजात पाहुणे यायचं ठरलं आणि टाकीला आता हात लावू नको, असं सरांनी मला सांगितलं. सरांनी शिपायाकरवी घरून तांब्याचा हंडा मागवला. चिंचेनं घासलेला, आत रात्रीपासूनचं पाणी. टाकीतलं नदीचं पाणी उपसून हे ओतायचं होतं.

"सर, मोरचूद म्हणजे तांबंच. त्यानं कीड मरते. झिंगे कसे जगतील?"

"आमच्या घरचं पिण्याचं पाणी आहे हे. तुझ्या डबक्याहून शुद्ध."

दुपारपर्यंत झिंगे पांढुरके होऊन आडवे पडले. ती मादी शेवटपर्यंत पायांनी अंड्यांना वारा घालत होती. तिला मी डब्यातल्या उरल्यासुरल्या नदीच्या पाण्यात सोडलं, पण उशीर झाला होता.

प्रयोगवहीत झिंगे मेल्याचं कारण लिहायचं होतं. नदीचं घाण पाणी, असं लिही, सर म्हणाले. मी तांबं लिहिलं. त्यांनी पान फाडलं. मी पुढच्या पानावर तेच लिहिलं. वहीवर सही नाही म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेला बसू दिलं नाही.

घरी मायनं विचारलं, "एका सहीपायी साल घालवायलास व्हय रं?"

शुद्ध पाण्याचा सगळा राग मी तिच्यावर काढला. तुला काय कळतं, म्हणालो. वर्गात सरांनी तिची पदवी विचारली होती, ती याच सुरात.